जड धातू

रविवार, तेरा मार्च एकोणीसशे त्र्याऐंशी. सकाळी साडेअकराला नाशकात जयराम पगारेंच्या दारात रिक्षा थांबली. आधी त्यांचा जावई खंडेराव उतरला, मग एक पोतं उतरलं. पोत्याचा वास दोघांच्याही आधी घरात शिरला होता.

जयरामची बायको भिमाबाई हिने स्टोव्ह बारीक केला, पदर सारखा केला आणि देवळात शिरावं तशी बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. जावई आला. दीड वर्षाने का होईना, आला.

या दीड वर्षाचं कारण एक शब्द होता. लग्नाच्या पंगतीत तिचे थोरले दीर कोंडाजी यांनी शेजारच्या पाहुण्याला नवरदेवाची ओळख करून दिली होती, "समुद्राकडच्या मोठ्या कारखान्यात हाय. भट्टीचा कचरा टाकतो." खंडेराव स्लॅगचा सुपरवायझर होता. धातू गाळल्यावर भट्टीतून जी काळी मळी उरते ती स्लॅग, आणि त्याच्या सहीशिवाय तिची एक ट्रॉली हलत नव्हती. ती सगळी समुद्राच्या कडेला ओतायची आणि थंड झाली की दगडासारखी व्हायची. खंडेरावच्या मते त्याने स्वतःच्या देखरेखीखाली देशाची जमीन वाढवली होती. 'कचरा' ऐकताच तो ताटावरून उठला तो उठलाच. पुढे त्याच्या बायकोला, भिमाबाईच्या थोरल्या चांगुणेला, माहेरी सोडायला शेजारी यायचे, न्यायला शेजारी यायचे.

आता चांगुणा सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आज तिचं डोहाळजेवण होतं. ओटीबिटी या घरातून भिमाबाईच्या सासऱ्यांच्या काळातच गेली होती. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं आणि जेवायचं. जेवण मात्र चुकवायचं नाही.

"आई, आत ये," मागून कला म्हणाली.

कला धाकटी. मुंबईला एम.एस्सी. करत होती आणि सकाळच्याच एस.टी.ने आली होती. तिने आईला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"त्या पोत्यात तिसऱ्या आहेत ना? सुकवलेल्या?"

"असतील. बोंबलाचा वास असा नाय येत."

"त्यातला एक घास ताईला द्यायचा नाही."

कलाचा अभ्यास याच तिसऱ्यांवर, म्हणजे किनाऱ्याच्या चिखलातल्या शिंपल्यांवर होता. बहिणीच्या घरी राहायची सोय फुकट होती म्हणून तिने तोच किनारा निवडला होता. गेल्या वर्षी चार महिने तिने ओहोटीला स्लॅगच्या पायथ्याशी चिखलात बसून तिसऱ्या वेचल्या, मुंबईला नेल्या, जाळल्या आणि त्यांची राख मशीनवर तपासली. घरात हा अभ्यास कोणाला फारसा पटला नव्हता. "खायच्या तिसऱ्या जाळायच्या, आणि त्याला डिग्री?" असं जयरामने विचारलं होतं. जयराम पाटबंधारे खात्यात क्लार्क होता. वाया जाणं म्हणजे काय याची त्याला चांगली जाण होती.

"शिसं निघालंय, आई. आणि कॅडमियम म्हणून एक असतं, ते."

कॅडमियमशी भिमाबाईला देणंघेणं नव्हतं, पण शिसं तिला माहीत होतं. कथलात शिसं मिसळून कल्हई लावणाऱ्या माणसाला तिच्या सासूने पातेलं फेकून मारलं होतं. पातेल्याला पडलेला पोचा अजून होता.

"तिसऱ्यांत शिसं कुठून आलं?"

"तिसरी दिवसभर पाणी गाळते. पाणी निघून जातं, शिसं आत राहतं. आपल्या चहाच्या गाळण्यासारखं."

"म्हंजी आपण गाळणंच खातोय म्हण."

"हो. आणि ताई सात महिने आठवड्यातून चारदा खातेय. तिचं रक्त तपासायला पाहिजे. मी बाहेर जाऊन दाजींना स्पष्ट सांगते."

भिमाबाई खाली बसली. लगेच उठली, कारण बसून चालणार नव्हतं.

"काय सांगशील? तुमच्या स्लॅगनं विष झालंय? कचरा म्हणले तर दीड वर्ष गेलं, कले. विष म्हणालीस तर हा माणूस चांगुणेला आल्या पावली घेऊन जाईल. तिथं तिला दोन टाइम तिसऱ्या घालंल. तुझ्यावरच्या रागानं घालंल."

"मग मी विष म्हणत नाही. शास्त्रीय भाषेत सांगते. शास्त्राचा कोणाला राग येत नाही."

खरं तर कलाने याची तयारी करून ठेवली होती. इंग्रजी बोललं की कोंडाजीआबा "मडमीण आली" म्हणून उठून जातात, म्हणून एस.टी.त बसल्या बसल्या तिने शाळेच्या पुस्तकातले मराठी शब्द आठवून जमवले होते. शुद्ध शब्द होते. तिथेच घात झाला.

बाहेरच्या खोलीत पोत्याचं तोंड सुटलं होतं. कोंडाजी खुर्चीवर, खंडेराव त्याच्यासमोर, मध्ये पोतं. कोंडाजीचा मुलगा पुंजाराम दाराशी टेकून उभा. तो अंबडला एका कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी शक्यतो बोलत नसे. पलीकडच्या भिंतीला कोंडाजीची बायको सुलाबाई, पुंजारामची बायको नवसा आणि उशीला टेकलेली चांगुणा. दोन घरांत एकच भिंत होती आणि त्या भिंतीतला नळ कोणाच्या अंगाला काढायचा यावरून सुलाबाई भिमाबाईशी सहा महिने बोलत नव्हती. आज आली होती, पण भिंतीकडे तोंड करून बसली होती.

खंडेरावने मूठभर तिसऱ्या वर काढल्या. "एवढ्या मोठ्या कुठं मिळणार नाहीत. आमच्या कचऱ्याच्या कडेच्या आहेत," तो म्हणाला आणि त्याने कोंडाजीकडे पाहिलं.

कोंडाजीने पंख्याकडे पाहिलं.

"आबा, दाजी, बाबा," कला मध्ये येऊन उभी राहिली. "मी या तिसऱ्या तपासल्या आहेत. रिपोर्ट शुक्रवारी आला. यांच्यात जड धातू आहे."

सुलाबाईने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं.

नाशिकच्या एस.टी. स्टँडबाहेरची भिंत ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगायला नको. वैद्यांचे तंबू ज्यासाठी पडतात, गुप्त सल्ला ज्यासाठी मिळतो, चुन्यावर निळ्या रंगात हातभर अक्षरांत 'धातुपुष्टी' म्हणून जे लिहिलेलं असतं, तो पुरुषाचा धातू. कलाही रोज तीच भिंत पाहत मोठी झाली होती. पण या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे मूलद्रव्यांचा तक्ता होता. बाकी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ती भिंत होती.

"काय हाय म्हनली?" कोंडाजीने विचारलं.

"जड धातू."

"जड?"

"हो. हलका असता तर एवढं बोलले नसते."

"आन ते मानसानं खाल्लं म्हंजी?"

"शरीरात येतो आणि साठत जातो."

"साठतो," कोंडाजी खुर्चीत पुढे सरकला. "जात नाय?"

"तेच तर सांगतेय आबा! एकदा आला की सहजासहजी जात नाही. वर्षानुवर्षं राहतो."

जयरामला खोकला आला. नवसाने पदर पुढे ओढला. पुंजाराम आपल्या पायाच्या अंगठ्याकडे टक लावून पाहू लागला. त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि स्टँडबाहेरच्या त्या तंबूत त्याला बापाने दोनदा नेलं होतं. ही गोष्ट गुप्त होती, म्हणजे सगळ्या कॉलनीला माहीत होती.

"हे कालिजात तपासलं का तोंडानं सांगती?"

"मशीनवर. तीनदा. दुसऱ्या किनाऱ्यावरच्या तिसऱ्यांपेक्षा आठ-दहा पट निघालाय."

"दहा पट," कोंडाजी हळूच म्हणाला. मग तो खंडेरावकडे वळला आणि दीड वर्षात प्रथमच त्याने त्याला हाक मारली. "जावईबापू, आन तुम्ही इतके दिवस एकलेच खात बसले व्हय?"

खंडेराव आधी कलाकडे रागाने पाहत होता. आता त्याचा चेहरा बदलला. त्याची नजर चांगुणेच्या पोटाकडे गेली. मग कोंडाजीची गेली. मग सगळ्यांचीच गेली. लग्नाला दीड वर्ष, आणि हे पोट. मशीनचीही गरज नव्हती.

"आमच्या यार्डातल्या सगळ्यांनाच चार-चार पोरं आहेत," खंडेराव विनयाने म्हणाला.

"आबा, तसं नाही, वाईट असतं ते..."

"लाजू नको, पोरी. शास्त्र हाय. शास्त्रात लाज धरली तर शिकायचं कसं?"

"पन एक सांगते," सुलाबाई बोलली आणि नेहमीप्रमाणे शेवटचा शब्द तिचा झाला. "ही पुरषाची वस्तू हाय. पोटुशीनं खायाची नाय. बाईच्या अंगात असलं काई साठलं तर पोरगं मिशा घिऊनच भाईर यायचं. चांगुणे, आजपासून बंद. त्यांचा रस्सा बी न्हाई."

"मला आवडतात, मोठी आई."

"आवडू दे."

"मोठ्या आईंचं बरोबर आहे," खंडेराव गंभीरपणे म्हणाला. "चांगुणा, बाळंत होईपर्यंत तिसरीला हात लावायचा नाही."

कलाने तोंड उघडलं. भिमाबाईने दारातूनच तिचं मनगट धरलं. "कले, पाहुण्यांना पाणी दे. आत ये आधी. पाणी आत आहे."

स्वयंपाकघराचं दार पुन्हा लोटलं गेलं.

"आई, काहीतरी भलतंच समजलेत ते! धातू म्हणजे..." कला थांबली. तक्ता गेला आणि भिंत दिसली. तिचे कान तांबडे झाले. "अरे देवा."

"आता कळलं का? एम.एस्सी.ला हे शिकवत नाही वाटतं."

"मी जाऊन सांगते."

"काय सांगशील? चांगुणेचं खाणं बंद झालं. कोणी बंद केलं? नवऱ्यानं. राग आला का कोणाला? नाही. उलट आबा जावईबापू म्हणाले. मी दीड वर्ष डोकं आपटलं तरी झालं नसतं ते तुझ्या दोन शब्दांनी झालं."

"आणि बाकीचे खातील त्याचं काय?"

भिमाबाईने स्टोव्ह मोठा केला. "एक वेळ खाल्ल्यानं कोणी मरत नाही," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःलाच ते पटलं नाही. "तू रक्ताचं बघ. बाकीचं मी बघते."

एकीकडे पोटची पोर, दुसरीकडे भिंतीपलीकडची माणसं. सुलाबाई सहा महिने बोलत नसली तरी भिमाबाईच्या बाळंतपणात तिनेच सव्वा महिना पाणी तापवून दिलं होतं. भिमाबाईने पोत्यातल्या शेरभर तिसऱ्या आणून पातेल्यात टाकल्या. खंडेरावच्या हट्टाखातर त्या आजच रांधायच्या होत्या. तिने मिठाचा डबा काढला आणि मूठभर मीठ रश्श्यात टाकलं. थोडा विचार करून आणखी मूठभर टाकलं. आता कोणी दुसरा घास घेणार नाही, असा तिचा हिशेब होता.

पंगत बसली. बायकांसाठी वांग्याचं भरीत, पुरुषांसाठी तिसऱ्या. कोंडाजीने पहिला घास घेतला. त्याचे डोळे मोठे झाले, कपाळाला घाम आला, आणि त्याने घास गिळला.

"खारट झालंय का हो थोडं?" भिमाबाईने विचारलं.

"औषध हाय ते," कोंडाजी म्हणाला. "औषध काय गोड ऱ्हातं? वाढ आनखी. पुंजा, पानात ठिवू नको."

पुंजारामने एकेक तिसरी जिभेवर ठेवून पाण्याबरोबर गोळीसारखी गिळली. खंडेरावला हे सासुरवाडीचं रांधणं कसं वाटलं ते कळलं नाही, कारण त्याने पाच तांबे पाणी प्यायल्यावर एवढंच म्हटलं, "आई, दर महिन्याला एक पोतं पाठवतो."

जेवणं झाल्यावर सुलाबाई आत आली. सहा महिन्यांनी ती स्वयंपाकघरात येत होती. तिने आधी भांडी पाहिली, मग छत पाहिलं, मग म्हणाली, "भिमे, नळाचं काय, तुझ्या अंगाला काढला तरी चालंल. पानी काय कुनाच्या बापाचं हाय?"

"काढू की, जाऊबाई. तुमच्याच अंगाला काढू."

"न्हाई, तुझ्याच." तिने पदराखालून एक रिकामी पिशवी काढली. "पुंजासाठी थोड्या दे. चार साल झाले. त्या पोरीला लोकं काय काय बोलत्यात. मी बी बोलले, खोटं कशाला सांगू. आता कळतंय, तिचा बिचारीचा काय दोष?"

भिमाबाईने चमचा खाली ठेवला. सांगावं, असं तिला वाटलं. पण चांगुणा दाराआडून हसत होती, खंडेराव बाहेर कोंडाजीच्या मांडीला मांडी लावून बसला होता. तिने पिशवी घेतली. फार भरायची नाही असं ठरवलं होतं, पण सुलाबाई उभी होती, त्यामुळे भरली.

संध्याकाळी तिने पोतं उचलून पाहिलं तर ते अर्धंही नव्हतं. शेजारचे दोघे घेऊन गेले होते. पुंजारामचा साडू घेऊन गेला होता. आणि कपाटात, जयरामच्या ऑफिसच्या कपड्यांखाली, वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी सापडली.

"हे काय?" तिने नवऱ्याला विचारलं.

जयराम चोपन्न वर्षांचा होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ऑफिसात साहेबांना," तो म्हणाला.

"साहेब शाकाहारी आहे तुमचा."

जयरामने चष्मा पुन्हा पुसायला घेतला. भिमाबाईने पुडी उचलली आणि उरलेल्या पोत्यासकट परसातल्या खड्ड्यात टाकून वर माती लोटली.

सोमवारी सकाळी खंडेराव कामावर परत गेला. जाताना सगळ्यांच्या पाया पडला, कोंडाजीच्याही. रिक्षा वळली तशी भिमाबाई कलाला म्हणाली, "चल. आता सांगू."

दोघी पलीकडच्या घरात गेल्या. कलाने यावेळी 'धातू' हा शब्द उच्चारलाच नाही.

"आबा, त्या तिसऱ्यांत शिसं आहे. शिसं. ते अंगात गेलं की पोटात दुखतं, रक्त कमी होतं, उलट्या होतात. टाकून द्या."

कोंडाजीने मान डोलावली. मग हसला. "शिसं व्हय? मंग बराबर हाय. नागभस्म म्हंजी काय असतं? शिशाचंच असतं. तंबूतला वैद्य काडीच्या टोकावर द्यायचा, आन पैशे किती घ्यायचा! हितं तर जावयानं पोतं भरून आनलं."

"आबा, ते तर त्याहून वाईट!"

"तू शीक, पोरी. शिकून मोठी हो."

"जाऊबाई, तिचं ऐका," भिमाबाई मध्ये पडली. "पुंजाला देऊ नका. ती पिशवी मला परत द्या."

सुलाबाईचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. "हां," ती म्हणाली. "आता कळलं. तुझ्या पोरीचं भागलं. माझ्या सुनंचं पोट पिकायची येळ आली की पिशवी परत. काल सगळ्यांदेखत दहा पट, आन आज इख?"

"अहो, खरंच..."

"नळ आमच्याच अंगाला निघंल," सुलाबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

कला रक्त तपासायची सोय बघायला मुंबईला परत गेली आणि मार्च संपला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी भिमाबाई परसात धुणं वाळत घालत होती. भिंतीपलीकडे कोणीतरी ओकत होतं. तिने दगडावर चढून डोकावलं. नवसा मोरीच्या कडेला वाकून बसली होती.

"काय गं? किती दिवसांपासून?"

"आठ दिस झाले, काकू. पोटात बी मुरडतं. आत्याबाई म्हनतात दिवस गेले असतील. पाळी बी थोडी वर गेलीय."

"आणि त्या तिसऱ्या? पुंजा खातो का अजून?"

नवसाने घराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "त्यांना न्हाई आवडत. वास बी सहन व्हत न्हाई. पन आबा समोर बसून खाया लावतात. मंग ते ताटाखाली लपवतात, आन आबा उठले की माझ्या ताटात टाकतात."

"आणि तू?"

"टाकायच्या कशा, काकू? एवढ्या भारी वस्तू." ती जराशी लाजली. "मला आवडतात."

भिमाबाई दगडावरून उतरली ती थेट पोस्टात गेली आणि कलाला तार केली. तारेत काय लिहावं हे कळेना, म्हणून 'ताबडतोब ये' एवढंच लिहिलं. कला दुसऱ्या दिवशी आली. येताना तिने तिच्या कॉलेजातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. चांगुणेचं रक्त खरं कारण सांगून घेतलं. नवसाचं, 'पहिलटकरणीचं बघतात' असं सांगून घेतलं. सुलाबाईने डॉक्टरीणबाईंना चहा पाजला, भिमाबाईला पाजला नाही. पिशवीत किती उरलंय ते विचारल्यावर तिने सांगितलं की, पोटुशीने खायचं नसतं म्हणून ती पिशवी आता कुलपात आहे, आणि किल्ली तिच्या कमरेला आहे. पुंजाचं काम झालं. आता धाकट्या भाच्यासाठी ठेवणार होती.

दोन्ही बाटल्या त्याच रात्री मुंबईला गेल्या. आता मे उजाडला, चांगुणेला नववा लागला आहे आणि तिची तब्येत वरून तरी ठीक दिसते. नवसाच्या उलट्या थांबलेल्या नाहीत. त्या कशाच्या, यावर भिंतीच्या दोन बाजूंना दोन मतं आहेत. मुंबईहून अजून काही कळलेलं नाही. काल दुपारी सुलाबाईने नातवाच्या दुपट्यांसाठी आपलं जुनं मऊ लुगडं फाडायला घेतलं. तो आवाज भिमाबाईला तिच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येत होता.